शाल-श्रीफळाआधी वर्गात जाऊन बसा : चांगल्या शिकवण्याची दखल घेण्याची रीत

जुलै संपत आला की कॉलेजच्या कार्यालयातून एक परिपत्रक निघतं. उत्कृष्ट शिक्षक पुरस्कारासाठी प्रस्ताव मागवण्यात येत आहेत, तीन प्रतींत, स्पायरल बाइंडिंग करून, सोबत छायाचित्रं आणि वृत्तपत्रांतली कात्रणं जोडावीत. मग ज्याला पुरस्कार हवा असतो तो स्वतःच स्वतःचं कौतुक टाइप करतो, प्राचार्य सही करतात आणि ५ सप्टेंबरला शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. या सगळ्या प्रवासात त्या शिक्षकाचा एकही तास कुणी पाहिलेला नसतो. शोधनिबंध मोजलेले असतात, एनएसएसची शिबिरं मोजलेली असतात, वृक्षारोपणाचे फोटोसुद्धा मोजलेले असतात. शिकवणं तेवढं राहून जातं.

नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत पसरलेल्या आपल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कुठल्याही कॉलेजात किंवा अमरावती रोडवरच्या कॅम्पसमधल्या एखाद्या पदव्युत्तर विभागात हे काम नीट करायचं असेल, तर त्याची रीत इथे सविस्तर देतो. प्राचार्य, विभागप्रमुख आणि आयक्यूएसीचे (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे) समन्वयक हे वाचतील असं धरून चाललो आहे. माझा आग्रह एकच आहे : जे पाहिलं नाही त्याचा गौरव करू नये. खालची प्रत्येक पायरी त्यातूनच निघते.

नियम काय मोजतात, ते आधी समजून घ्या

सुरुवात करण्यापूर्वी यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) २०१८ ची नियमावली एकदा उघडून बघा. कॅसच्या, म्हणजे सेवांतर्गत प्रगती योजनेच्या, बढतीसाठी शिकवण्याचं मूल्यमापन त्यात एका टक्केवारीवर होतं. नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा जास्त तास घेतले तर ‘चांगलं’, ७० ते ८० टक्के घेतले तर ‘समाधानकारक’, त्याखाली असमाधानकारक. त्या तासात काय घडलं, कुणाला काय समजलं, याचा रकानाच नाही. उलट संशोधनाच्या तक्त्यात विज्ञान शाखेच्या एका शोधनिबंधाला ८ गुण, मानव्यविद्येच्या निबंधाला १०. पुरस्काराला गुण आहेत, पण राष्ट्रीय असेल तर ५ आणि आंतरराष्ट्रीय असेल तर ७. म्हणजे तुमच्या कॉलेजने दिलेल्या पुरस्काराचं बढतीच्या हिशेबात मूल्य शून्य.

आता सहायक प्राध्यापकाच्या जागी बसून विचार करा. आठवड्याला १६ तास शिकवायचे, वरून प्रवेश समिती, परीक्षा, नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) फायली. हाती एक मोकळी संध्याकाळ उरली तर ती उद्याच्या तासाच्या तयारीला द्यायची की निबंधाला? शहाणा माणूस निबंधच लिहील. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. कॉलेज स्तरावरच्या योजनेने हे पारडं थोडं तरी उलट दिशेने झुकवायचं आहे. नियम बदलणं आपल्या हातात नाही. वारं थोडं बदलतंय मात्र : राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारांत २०२३ पासून उच्च शिक्षणातल्या शिक्षकांचाही समावेश झाला, आणि यूजीसीने जानेवारी २०२५ मध्ये काढलेल्या नव्या मसुद्यात उल्लेखनीय योगदानांच्या यादीत नावीन्यपूर्ण अध्यापन आणि भारतीय भाषांतून शिकवणं या दोन गोष्टी आल्या. उद्या असे निकष लागू झालेच, तर पुरावा मागितला जाईल. तो गोळा करायची सवय आजपासून लागलेली बरी.

‘चांगलं’ म्हणजे काय, हे विभागाने ठरवावं

सगळ्या कॉलेजसाठी एकच निकषपत्र करू नका. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतलं चांगलं शिकवणं आणि मराठी वाङ्मयाच्या वर्गातलं चांगलं शिकवणं यांत फारसं साम्य नसतं. प्रत्येक विभागाची तासाभराची बैठक घ्या आणि एकच प्रश्न ठेवा : आपल्या विषयात पोरं नेमकी कुठे अडकतात? अकाउंट्सवाले सांगतील, समायोजनाच्या नोंदींत. भौतिकशास्त्रवाले सांगतील, सदिश आले की. इतिहासवाले सांगतील, पोरं सनावळ्या पाठ करतात पण कारणमीमांसा लिहिता येत नाही. ही अडण्याची ठिकाणं फळ्यावर लिहून काढा. जो शिक्षक पोरांना त्या ठिकाणांवरून पार नेतो तो चांगला शिक्षक, इतकी साधी व्याख्या पुरते. त्यातून चार-पाच वाक्यांचा निकष तयार होईल, तो एका पानावर मावायला हवा.

आपल्याकडे त्यात एका गोष्टीची भर घालावीच लागते. एकाच वर्गात कुही-मांढळकडून बसने येणारी, बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलगी असते, घरी हिंदी बोलणारा इतवारीतला मुलगा असतो आणि इंग्रजी शाळेतून आलेले चार-सहा जण असतात. पुस्तक आणि पुष्कळदा प्रश्नपत्रिकाही इंग्रजीत. अशा वर्गात विषय पातळ न करता तिघांपर्यंत पोहोचवणं हे कौशल्य आहे आणि त्याचा निकषात स्पष्ट उल्लेख हवा. नाहीतर फाडफाड इंग्रजीत बोलणाऱ्यालाच सगळे ‘इम्प्रेसिव्ह’ म्हणत बसतात.

समितीत कोण असावं, कोण नसावं

प्राचार्य आणि संस्थेचे सचिव समितीत नकोत. त्यांनी फक्त अंतिम यादीवर सही करावी. पाच-सहा जण पुरे : दुसऱ्या विद्याशाखेतला एक अनुभवी शिक्षक, बाहेरच्या कॉलेजातून निवृत्त झालेला एक, तासिका तत्त्वावरचा, म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे मानधन मिळणारा, एक, मागच्या वर्षी पास होऊन गेलेला एक विद्यार्थी आणि सध्या शिकणारी एक विद्यार्थिनी. दुसऱ्या वर्षापासून आधी निवडलेल्यांपैकी एकाला घ्या. ज्याचं स्वतःचं नाव विचारात आहे, किंवा ज्याच्या विभागाचं नाव विचारात आहे, त्याने त्या चर्चेपुरतं बाहेर बसायचं आणि तसं कार्यवृत्तात लिहायचं.

आपल्याकडे गट असतात, ते नाकारून चालत नाही. विद्यापीठाच्या सिनेटची निवडणूक जवळ आली की स्टाफरूममधली खुर्च्यांची मांडणीसुद्धा बदलते. म्हणून योजना जाहीर करण्यापूर्वी शिक्षक संघटनेच्या स्थानिक प्रतिनिधींना, नुटाचे (नागपूर विद्यापीठातल्या शिक्षकांच्या संघटनेचे) असोत की आणखी कुणाचे, बसवून सांगा की हे इन्स्पेक्शन नाही आणि यातला एकही कागद कुणाच्या गोपनीय अहवालात जाणार नाही. तसं लेखी द्या. तोंडी आश्वासनावर कुणी वर्गाचं दार उघडणार नाही, आणि उघडूही नये.

सीएचबीवाल्यांना वगळलंत तर योजनाच करू नका

नियमित भरती वर्षानुवर्षं रखडल्यामुळे कित्येक विभागांत निम्मं किंवा त्याहून जास्त शिकवणं तासिका तत्त्वावरची, म्हणजे सीएचबीची, माणसं करतात. पुरस्काराच्या परिपत्रकात मात्र ‘किमान दहा वर्षं नियमित सेवा’ अशी अट असते. त्या एका ओळीने वर्ग चालवणारी निम्मी माणसं बाहेर जातात. अट ठेवायचीच असेल तर इतकीच ठेवा : तोच विषय या कॉलेजात सलग दोन सत्रं शिकवलेला असावा.

अर्ज मात्र कुणाकडूनही घेऊ नका. नावं सुचवण्याचं काम विद्यार्थी, सहकारी आणि मागच्या तीन वर्षांतले माजी विद्यार्थी यांना द्या. सुचवताना एकच अट : ‘सर मस्त शिकवते’ चालणार नाही, एक विशिष्ट तास किंवा एक विशिष्ट धडा सांगा, जो समजला आणि का समजला. दहा-बारा ओळी पुरेत. मराठी, हिंदी, इंग्रजी, ज्या भाषेत जमेल त्यात. लिहायला अवघड जात असेल तर मोबाईलवर बोलून रेकॉर्डिंग पाठवू द्या. इथेच निम्मी चाळणी होते, कारण नुसत्या लोकप्रिय माणसाबद्दल दहा ओळी विशिष्ट लिहिणं कठीण जातं.

वर्ग पाहणं : सगळ्यात जड आणि सगळ्यात मोलाची पायरी

ज्यांची नावं आली त्यांच्याशी आधी बोला. तयार नसतील तर नाव मागे घेता येईल, कारण विचारू नका. तयार असतील त्यांच्या किमान दोन तासांना समितीतले दोघे जाऊन बसतील. एक तास शिक्षकाने निवडलेला, दुसरा समितीने, दोन्हींची आधी कल्पना दिलेली. अचानक धाड घालू नका. एकाच भेटीवर मतही बनवू नका, कारण पहिल्या भेटीत शिक्षक आणि पोरं दोघेही पाहुण्यांसमोर नीट बसल्यासारखे बसलेले असतात.

भेटीआधी दहा मिनिटं चहा घ्या आणि शिक्षकाला दोन गोष्टी विचारा : आज पोरांना काय आलं पाहिजे, आणि कुठे अडतील असं वाटतं? मग मागच्या बाकावर जाऊन बसा. मोबाईल बंद. तास संपेपर्यंत उठायचं नाही, मान डोलवायची नाही, पोरांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही.

नोंद कशी घ्यायची यावर सगळं अवलंबून आहे. बहुतेक निरीक्षण-प्रपत्रांत ‘विषयावरील प्रभुत्व’, ‘आवाजातील चढउतार’, ‘फलकलेखन’ असे रकाने असतात आणि समोर एक ते पाच आकडे. हे भरणाऱ्याला माणसाबद्दल काय वाटतं तेवढंच त्यातून कळतं. त्याऐवजी वेळ लिहा आणि जे दिसलं ते लिहा. बीएस्सीच्या संख्याशास्त्राच्या वर्गातली अशी नोंद कशी दिसते, बघा :

११.०५ – फळ्यावर एका साइटवरच्या दहा जणांची रोजची कमाई. नऊ मजूर प्रत्येकी ६०० रुपये, एक ठेकेदार ९,६०० रुपये. सरासरी पोरांकडूनच काढून घेतली : १,५००.

११.०९ – प्रश्न : “म्हणजे यातल्या निम्म्या लोकांना १,५०० पेक्षा जास्त मिळतात का? बोलायचं नाही. वहीच्या मागच्या पानावर हो की नाही लिहा, आणि का ते एका ओळीत.”

११.१० – शांतता. मॅडम उत्तर देत नाहीत. बाकांमधून फिरत वह्या बघतात.

११.१३ – खिडकीजवळच्या मुलाच्या वहीत ‘हो’. मॅडमनी पाहिलं, बोलल्या नाहीत. सगळ्यांना : “आता शेजाऱ्याला पटवून द्या.”

११.१६ – त्याच मुलाने ‘हो’ खोडून ‘नाही, एकालाच’ लिहिलं.

११.१८ – ‘मध्यक’ हा शब्द पहिल्यांदा फळ्यावर आला.

या सहा ओळींत एकही विशेषण नाही, तरी वाचणाऱ्याला कळतं की इथे काय चाललं होतं. चुकीचं उत्तर दिसूनही ते लगेच दुरुस्त न करणं, पोराला स्वतः खोडू देणं आणि गरज पडल्यावरच संज्ञा देणं, हे तिन्ही निर्णय आहेत आणि ते अनुभवातून येतात. ‘मॅडमचा विषयावर उत्तम ताबा आहे’ असं लिहिलं असतं तर यातलं काहीच समितीपर्यंत पोहोचलं नसतं. आणखी एक फायदा : अशी नोंद शेजारच्या विभागातल्या नव्या शिक्षकाला वाचायला दिली तर तो उद्या त्याच्या वर्गात तसं करून बघू शकतो.

तासानंतर पंधरा मिनिटं शिक्षकाशी बोला, नोंद त्याला दाखवा, त्याचं म्हणणं खाली लिहून घ्या. तास फसला असेल तर तो फसल्यावर त्याने काय केलं, हे विशेष पाहा. प्रोजेक्टर बंद पडला, लाइट गेले, अर्ध्या पोरांकडे कॅल्क्युलेटर नव्हते, असे तास पाहायला मिळाले तर समितीने स्वतःला नशीबवान समजावं.

वेळ कधी काढायचा? ऑगस्ट-सप्टेंबर आणि जानेवारी-फेब्रुवारी. हिवाळी परीक्षांच्या तोंडावर जाऊ नका आणि डिसेंबरात तर नकोच, तेव्हा पोरं परीक्षेत गुंतलेली आणि सिव्हिल लाइन्सचे रस्ते अधिवेशनाच्या बंदोबस्तात.

पोरांना काय विचारायचं आणि त्यांच्या उत्तरांचं काय करायचं

नॅकच्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणामुळे फीडबॅकचा फॉर्म आता सगळीकडे आहे. तो भरतात कसा, तेही सगळ्यांना माहीत आहे : परीक्षेचं हॉल तिकीट मिळण्याआधी रांगेत उभं राहून, सगळीकडे ‘उत्तम’वर टिचकी. या आकड्यांची सरासरी काढून ४.३७ विरुद्ध ४.४१ असा निवाडा करणं म्हणजे निव्वळ थट्टा आहे.

शांतपणे भरलेल्या फॉर्मचेही दोष आहेत आणि ते जगभर तपासले गेले आहेत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात पूर्वीचे अनेक अभ्यास एकत्र मांडून पाहिले, तर विद्यार्थ्यांनी दिलेले गुण आणि त्यांचं प्रत्यक्ष शिकणं यांत जवळजवळ संबंधच आढळला नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात एक छोटा प्रयोग झाला, तो २०१५ मध्ये छापून आला. ऑनलाइन वर्गात एक पुरुष आणि एक स्त्री साहाय्यक. दोघांनी एकेका गटाला आपल्या नावाने आणि एकेका गटाला दुसऱ्याच्या नावाने शिकवलं. पोरांना चेहरा दिसत नव्हता. प्रत्यक्षात कुणीही शिकवलेलं असो, पुरुषाचं नाव असलेल्याला जास्त गुण मिळाले. आपल्याकडे त्यात आडनाव, बोलीचा हेल आणि अंतर्गत गुण सढळ हाताने देण्याची कीर्ती, इतकं आणखी मिसळा.

म्हणून पोरांना निवाडा मागू नका, माहिती मागा. ‘शिक्षक कसे आहेत?’ याऐवजी : गेल्या महिन्यात वर्गात तुम्हाला स्वतः काही सोडवायला, लिहायला किंवा बोलायला किती वेळा मिळालं? तुमची तपासलेली वही किंवा उत्तरपत्रिका किती दिवसांत परत मिळाली आणि चूक कुठे झाली ते त्यात लिहिलं होतं का? तास संपल्यावर शंका विचारायला गेलात तर काय झालं? अशा सहा-सात प्रश्नांची उत्तरं पोरांना नक्की माहीत असतात. त्यांचा पूर्वग्रह कमी आणि त्यांनी पाहिलेलं जास्त त्यात येतं. फॉर्म वर्गातच, शिक्षक बाहेर असताना, समितीतल्या विद्यार्थिनीने भरून घ्यावा. साठ जणांच्या वर्गातून नऊच फॉर्म आले तर ते वापरू नका, पुन्हा भरून घ्या. सरासरी काढू नका, किती जणांनी काय म्हटलं ते सरळ मांडा.

याशिवाय प्रत्येक वर्गातल्या सहा-आठ पोरांशी अर्धा तास गप्पा. हुशार निवडू नका, हजेरीपटातून प्रत्येक दहावं नाव घ्या. कडक शिक्षकांबद्दलची खरी माहिती इथेच मिळते. फॉर्मवर ज्यांच्या नावाने बोटं मोडली जातात त्यांच्याबद्दल कुणीतरी हळूच सांगतं, “पण त्यांच्या विषयात माझा बॅक नाही लागला.”

शिकले का, हे कशावरून?

विद्यापीठाचा निकाल पुराव्यात धरू नका. पंचाण्णव टक्के निकाल लागलेल्या वर्गात आधीच सत्तर-ऐंशी टक्के मिळवून आलेली पोरं असतील तर त्यात शिक्षकाचा वाटा किती, हे कुणीच सांगू शकणार नाही. गोंदियाच्या एखाद्या तालुक्यातल्या कॉलेजचा साठ टक्के निकाल त्याहून मोठं काम असू शकतो.

सोपा मार्ग आहे. सत्राच्या पहिल्या आठवड्यात संकल्पनांवरची वीस प्रश्नांची छोटी चाचणी घ्या आणि शेवटी तशीच दुसरी. मग एक भागाकार : दुसऱ्या चाचणीतून पहिली वजा करा, आणि त्याला जितकं मिळवायचं शिल्लक होतं त्याने भागा. वर्गाची सरासरी आधी ३० टक्के, नंतर ६५. वाढ ३५, शिल्लक होते ७०. म्हणजे ०.५. दुसऱ्या वर्गात आधी ७०, नंतर ८२. वाढ १२, शिल्लक ३०, म्हणजे ०.४. नुसते ६५ आणि ८२ पाहिले असते तर उलटाच निष्कर्ष निघाला असता. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड हेक यांनी १९९८ साली ६२ अभ्यासक्रमांतल्या साडेसहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर हीच रीत लावली, तेव्हा निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत ही वाढ सरासरी ०.२३ निघाली आणि पोरांना वर्गातच विचार करायला, चर्चा करायला लावणाऱ्या वर्गांत ०.४८. आपल्या वर्गाचा आकडा मात्र आपल्याच मागच्या वर्षाच्या आकड्याशी ताडा. दोन वेगळ्या विषयांची शर्यत लावायची नाही.

साहित्य, कायदा, समाजशास्त्र अशा विषयांत ही चाचणी ओढूनताणून करू नका. तिथे एकाच विद्यार्थ्याचं जुलैतलं लेखन आणि मार्चमधलं लेखन शेजारी ठेवा. पाच जणांचं पुरे, तेही हजेरीपटातून उचलून.

आणि एक प्रश्न जो कुणीच विचारत नाही : याच्या वर्गातून पुढच्या सत्रात गेलेली पोरं कशी आहेत? तिसऱ्या सत्रात शिकवणाऱ्या सहकाऱ्याला विचारा, “अमक्या तुकडीला मागचं पुन्हा शिकवावं लागलं का?” त्याचं उत्तर दोन ओळींत लिहून घ्या. माझ्या मते सगळ्या फायलीत हा सर्वात विश्वासाचा कागद असतो, कारण चुकीचं सांगून त्याला स्वतःला काही फायदा नसतो.

फाईल आठ पानांची

वर्गभेटीच्या दोन नोंदी, पोरांची माहिती एका पानावर, शिकल्याचा पुरावा एका पानावर, सहकाऱ्याच्या दोन ओळी, आणि शिक्षकाचं स्वतःचं टिपण दोन पानांचं. टिपणात ‘माझं शैक्षणिक तत्त्वज्ञान’ नको, तिथे सगळे सारखंच लिहितात. एकच प्रश्न द्या : गेल्या दोन वर्षांत शिकवण्यातली कुठली गोष्ट तुम्ही बदललीत आणि काय पाहून बदललीत? आठाच्या पुढचं पान समितीने वाचायचं नाही. फोटो, प्रमाणपत्रं, कात्रणं परत.

निर्णयाच्या बैठकीत आधी प्रत्येकाने आपलं मत लिहून द्यावं, मग चर्चा. नाहीतर सर्वात ज्येष्ठ माणूस बोलतो आणि बाकीचे ‘बरोबर आहे’ म्हणतात. पुरस्कार एकच द्यायचा हा हट्ट सोडा. निकषाला उतरलेले चार असतील तर चार द्या, कुणीच नसेल तर त्या वर्षी देऊ नका. प्रयोगशाळा साहाय्यकासह तिघांनी मिळून एखादं प्रात्यक्षिक नव्याने उभं केलं असेल तर तिघांनाही द्या. ज्यांना मिळाला नाही त्यांना त्यांच्या वर्गभेटीच्या नोंदी द्या आणि समितीतल्या एकाने समोर बसून दोन चांगल्या गोष्टी सांगाव्यात. हे टाळलंत तर पुढच्या वर्षी कुणी नाव देऊ देणार नाही.

द्यायचं काय?

इथे आपण नेहमी चुकतो. चांगला शिकवतो म्हणून त्यालाच परीक्षा विभागात टाका, नॅकच्या फायलीही त्यालाच द्या, युवा महोत्सवाला तोच. चांगल्या शिकवण्याचं बक्षीस म्हणून शिकवायला वेळच उरू द्यायचा नाही, अशी ही उफराटी पद्धत आहे.

द्यायची गोष्ट म्हणजे वेळ. वर्कलोडचे तास कागदावर कमी करायला गेलात तर उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाच्या मंजुरीचा विषय निघेल. म्हणून तासांना हात लावू नका, बाकीची कामं काढून घ्या : पूर्ण एक वर्ष कुठलीही समिती नाही, प्रवेशाचं काम नाही, आणि हे प्राचार्यांच्या लेखी आदेशाने. सोबत वर्गावर खर्च करायला वीस-पंचवीस हजार रुपये, ज्याची खरेदी शिक्षकाने ठरवायची : मॉडेल, पुस्तकं, पोरांना घेऊन जायची एखादी क्षेत्रभेट. माजी विद्यार्थी संघाकडून किंवा कुणाच्या स्मृतिप्रीत्यर्थ आलेल्या ठेवीच्या व्याजातून हे भागतं. देणगीदाराला समितीत जागा मात्र देऊ नका, नाव पुरस्काराला द्या.

सीएचबीच्या शिक्षकाला वेगळा विचार लागतो. त्याला दोन तास ‘माफ’ केलेत तर तो त्याचा पगार कापल्यासारखं होईल. त्याला रोख रक्कम द्या, तयारीच्या तासांचं मानधन द्या, आणि एक पत्र द्या. ते पत्र साचेबद्ध नको. कुठला वर्ग, कुठली नोंद, पोरांची वाढ किती, सगळं नेमकं लिहिलेलं. दुसऱ्या कॉलेजात मुलाखतीला जाताना त्याच्या हातात ते असेल आणि निवड समितीपुढे त्याच्या बाजूने तेवढा एकच कागद बोलेल. नियमित शिक्षकाच्या वैयक्तिक फाईललाही अशीच प्रत लावा.

समारंभ छोटा करा. पाहुण्यांच्या गाडीची दीड तास वाट बघणाऱ्या सभागृहात कुणाचाच गौरव होत नाही. विद्यार्थ्याने नाव सुचवताना लिहिलेल्या दहा ओळी त्यानेच वाचून दाखवाव्यात, शिक्षकाने पाच मिनिटं बोलावं, चहा. ५ सप्टेंबरचाच आग्रह नको. पुरावा पूर्ण व्हायला दोन्ही सत्रं लागतात, त्यामुळे निकाल जूनमध्ये लावून नव्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात जाहीर करणं सोयीचं. विद्यापीठाच्या विभागांना ४ ऑगस्टचा वर्धापन दिन चालेल, १९२३ साली त्याच दिवशी विद्यापीठ सुरू झालं.

त्यानंतरच्या वर्षी त्या शिक्षकाने एकच जबाबदारी घ्यायची : महिन्यातून एक तास उघडा ठेवायचा. कुठल्याही विभागातल्या कुणीही येऊन मागे बसावं, तासानंतर पंधरा मिनिटं बोलावं. व्याख्यान नाही, पीपीटी नाही. पहिले दोन महिने कुणी येत नाही. विभागप्रमुखाने स्वतः एकदा जाऊन बसायचं, म्हणजे बाकीच्यांना जाण्याची लाज वाटत नाही.

पहिल्याच वर्षी अख्ख्या कॉलेजला हे लावायला जाऊ नका. एक विद्याशाखा घ्या, चार-पाच शिक्षकांपुरतं करा. दोन निरीक्षकांच्या दोन भेटी धरल्या तर वीसेक तास लागतात, तेवढे एका सत्रात निघतात. तीन वर्षांनी दोन आकडे तपासा : किती नावं विद्यार्थ्यांकडून आली, आणि उघड्या तासांना किती सहकारी येऊन बसले. दुसरा आकडा वाढत नसेल तर पुरस्काराची रक्कम वाढवण्याआधी समिती बदला.